टिश्यूवर रामन स्पेक्ट्रोस्कोपी (लेझर टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून रेणू, आणि त्यावरून आजार ओळखायचा) सुरू करताना आधी सॅम्पल नीट कर
नवीन माणूस थेट मशीन लर्निंगकडे धावतो, पण निम्मं काम सॅम्पलमध्येच बिघडतं रे. साध्या काचेच्या स्लाइडवर सेक्शन (टिश्यूचा पातळ काप) ठेवलंस तर काचेचाच फ्लुरोसन्स (लेझर पडल्यावर निघणारा नको असलेला उजेड) येतो आणि टिश्यूचा सिग्नल त्यात बुडतो, कॅल्शियम फ्लोराइडची स्लाइड महाग पडते पण तीच घे. लेझर शक्यतो 785 नॅनोमीटरचा, 532 ला रामन सिग्नल जोरात मिळतो खरा पण टिश्यूचा स्वतःचा फ्लुरोसन्सही चढतो. पॅराफिन ब्लॉकमधले (मेणात बसवलेल्या टिश्यूचे) सेक्शन असतील तर मेण काढल्यावरही थोडं उरतंच, 1063, 1133, 1296 वेव्हनंबरच्या (रामन आलेखाच्या आडव्या अक्षावरचं एकक, cm⁻¹) आसपास टोकदार पीक दिसले की आधी मेणाचाच संशय घे. आणि मशीनचं कॅलिब्रेशन बरोबर आहे ना हे बघायला रोज सिलिकॉनचा 520 चा पीक तपासायचा, कंटाळा नको.

आता खरं कळीचं. एका पेशंटचे शेकडो स्पेक्ट्रा (रामनचे आलेख) मिळतात, ते थोडे ट्रेनिंगमध्ये थोडे टेस्टमध्ये गेले तर मॉडेल आजारापेक्षा तो पेशंटच ओळखायला शिकतं, अचूकता मस्त दिसते आणि नवीन पेशंट आला की सगळं कोसळतं. म्हणून वाटणी पेशंटनुसारच कर, हे मी कळकळीने सांगतोय. शेजारच्या सेक्शनवर एच अँड ई स्टेन (पेशी दिसाव्यात म्हणून पॅथॉलॉजीत नेहमी वापरतात तो रंग) करून पॅथॉलॉजिस्टकडून खुणा करून घे, त्याशिवाय तुझ्या लेबलला (कुठला स्पेक्ट्रम आजारी, कुठला निरोगी) काही अर्थ नाही, आणि दोन पॅथॉलॉजिस्टचं एखाद्या भागावर जमलं नाही तर तो भाग गुपचूप गाळू नकोस, तसाच नोंदवून ठेव.