आधी माणिक, मग गुरू

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. गुरूच्या पोटातला धातुरूप हायड्रोजन, नेपच्यूनचं बर्फ, परग्रह, सगळंच करायचंय तुला. कर की. पण पहिलं वर्षभर पृथ्वीच्या गाभ्यातल्या लोखंडाच्या पुढे जाऊ नकोस.

पृथ्वीच्या केंद्राशी दाब वातावरणाच्या सुमारे ३६ लाख पट. हिऱ्यांच्या सेलमध्ये तो आणणं त्या मानाने सोपं: दोन हिऱ्यांच्या टोकांत नमुना दाबायचा, चार स्क्रू, सगळं मुठीत मावतं. आपण नेमक्या किती दाबावर आहोत हे छातीठोकपणे सांगणं अवघड. बाह्य गाभा शुद्ध लोखंडापेक्षा दहाएक टक्के हलका आहे. त्यात गंधक, ऑक्सिजन की सिलिकॉन, यावर अजून वाद चालू आहेत. तुझा दाबाचा आकडा चुकला की घनता चुकली, आणि मग गंधकाचा हिशेबही गेला.

नमुन्याशेजारी माणकाचा कण ठेवतोस ना, त्याच्या लाल चमकेची तरंगलांबी दर गिगापास्कलला (वातावरणाच्या सुमारे दहा हजार पट दाबाला) साधारण ०.३६ नॅनोमीटर सरकते, त्यावरून दाब कळतो. तापमान वाढलं तरी सरकतेच! म्हणून एकट्या माणकावर विसंबू नकोस. सोन्याची पूडही ठेव, क्ष-किरणांनी तिचं आकारमान काढ, त्यावरून दाब काढ, दोन्ही आकडे ताडून बघ. जुळले नाहीत तर तसं पेपरात लिही.

हात बसायला वेळ लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली हिऱ्यांची टोकं जवळ आणलीस की रंगीत पट्टे दिसतील. ते रुंदावत एकच रंग उरेपर्यंत झुकाव दुरुस्त करत राहा. गॅस्केटचं, म्हणजे हिऱ्यांमधल्या धातूच्या चकतीचं, भोक मधोमध नसेल तर सरळ नवं घे. नमुन्याभोवती दाब सारखा पसरवणारं मिथेनॉल-इथेनॉल भरताना रेंगाळू नकोस, बघता बघता उडतं. आणि आपल्या जुलैत ते हवेतलं पाणीही ओढतं, बाटलीचं बूच लगेच लाव.

वाचायचंच असेल तर काटोलच्या अशनीवर वाच. २०१२ साली नागपूरजवळ पडलेल्या या दगडात ब्रिजमनाइट सापडलं. पृथ्वीत सर्वांत विपुल असलेलं हे खनिज, पण घर ६६० किलोमीटरच्या खाली. प्रयोगशाळेत ते कित्येक दशकं आधीच बनवलं होतं; निसर्गातला नमुना दुसऱ्या एका अशनीत हाती लागून नाव पडलं ते २०१४ मध्ये. मला तर यातच या धंद्याची सगळी मजा वाटते.

इंदूरला इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (क्ष-किरणांच्या प्रखर स्रोतावर) बीमटाइम, म्हणजे प्रयोगाची वेळ, मिळाला तर सेल इथूनच भरून ने. अवंतिका एक्स्प्रेसने जाताना ती हातातल्या पिशवीत ठेव, आणि पोचल्यावर दाब पुन्हा मोज. प्रवासात तो हलतो.