मुलीसाठी जुन्या चिनी कवितेतलं नाव कसं निवडावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बायको चिनी, तिचं आडनाव दू. मुलीच्या चिनी नावाला तेच आडनाव लावायचं आणि नाव जुन्या कवितेतलं हवं. ली बाई या जुन्या चिनी कवीच्या कवितेतलं 'त्झथंग', म्हणजे जांभळ्या फुलांची वेल, तुम्हा दोघांना आवडलंय.

तेवढं एक ठेवू नका. 'दू त्झथंग' मोठ्याने म्हणून बघा. ऐकणाऱ्याला 'दूत्झ थंग' ऐकू येतं, म्हणजे 'पोट दुखतंय'. हा विनोद चीनमध्ये शाळकरी पोरांनाही पाठ आहे. तेव्हा कुठलंही नाव आवडलं की आधी आडनाव जोडून म्हणायचं, अर्थाचं नंतर. त्यातल्या त्यात तुमचं बरं आहे. वू आडनावाचा उच्चार 'नाही'सारखा होतो आणि जिया आडनावाचा 'खोटा'सारखा, त्यामुळे त्या घरांत चांगल्या गुणाचं नाव ठेवलं की अर्थ उलटतो.

आता कविता. 'मुलींसाठी शिजिंग, मुलांसाठी छूत्स' अशी चिनी म्हण आहे; हे दोन्ही प्राचीन चिनी कवितासंग्रह. शिजिंगमध्ये ३०५ कविता आहेत. पहिल्या भागातल्या १६० लोकगीतांच्या वळणाच्या, छोट्या आणि झाडाफुलांनी भरलेल्या आहेत. तिथूनच सुरुवात करा. वैद्यकाचं नोबेल (२०१५) मिळालेल्या तू योयो यांचं नाव शिजिंगमधलंच: 'योयो' म्हणजे हरणांच्या हाकेचा आवाज. गंमत म्हणजे त्याच कवितेच्या दुसऱ्या कडव्यात हरणं 'हाव' नावाची वनस्पती खातात, आणि योयोबाईंनी मलेरियाचं औषध शोधलं ते 'छिंगहाव' या वनस्पतीमधूनच.

फक्त सुंदर ओळ उचलू नका, अख्खी कविता वाचा. बहुतेक जण इथेच फसतात. 'यानवान' म्हणजे कोमल, सालस. पण शिजिंगमधल्या ज्या कवितेत तो शब्द ठळक येतो, ती मुलासाठी ठरवलेली नवरी स्वतःच लाटणाऱ्या राजाची टवाळी आहे. 'सालस जोडीदार मागितला आणि हे ध्यान पदरी पडलं' असा तिचा सूर. शिकलेल्या चिनी माणसाला हे चटकन आठवतं.

नमुना म्हणून सासरी निघालेल्या नवरीवरची पीचच्या झाडाची कविता घ्या. तीन कडवी, प्रत्येकात चार ओळी. पहिल्याच ओळीत 'याव याव' आहे. तिथे त्याचा अर्थ कोवळं, बहरलेलं. पण ते अक्षर सुटं लिहिलं की अकाली मृत्यू. शिवाय त्या ओळीच्या उच्चारावरूनच 'पोबारा केला' असा वाक्प्रचार झालाय. ते सोडा. पुढे 'यी' (शोभणारी, घराला साजेशी) आणि तिसऱ्या कडव्यात 'जन' (दाट पानं) मिळतं. दोन्ही एकाच कवितेतली, म्हणून 'दू यीजन' हे नाव ओढूनताणून जोडलेलं वाटत नाही. सूरही जमतात (चिनीत प्रत्येक अक्षर चारपैकी एका सुरात म्हणतात, सूर बदलला की अर्थ बदलतो): दू चौथा, म्हणजे खाली पडणारा, यी दुसरा, जन पहिला. तीनही अक्षरं चौथ्या सुरात आली की नाव रागावल्यासारखं ऐकू येतं. शेवटचं अक्षर पहिल्या किंवा दुसऱ्या सुरातलं मला आवडतं, हाक लांबवर जाते. वर्गातली पोरं 'दा यी जन' (एक इंजेक्शन टोच) असं चिडवतील कदाचित, पण सूर वेगळे आहेत. एवढं चालतं.

मग सासूबाईंना दोन गोष्टी विचारा. एक, घराण्याच्या वंशावळीत या पिढीसाठी अक्षर ठरलेलं आहे का? असेल तर तुमच्या हातात एकच अक्षर उरतं. दोन, आजी-आजोबा, पणजी-पणजोबांची नावं कोणती? आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला हौसेने ठेवतात. तिकडे वडीलधाऱ्यांचं अक्षर वापरणं म्हणजे मर्यादा सोडणं, काही घरांत नुसता सारखा उच्चारही चालत नाही. माहेर ग्वांगडोंगकडचं असेल तर नाव कँटोनीजमध्येही म्हणून घ्या, उच्चार पार बदलतो.

चीनमध्ये नोंदणी करणार असाल तर प्रत्येक अक्षर २०१३च्या प्रमाण तक्त्यात आहे का ते पाहा. त्यात ८१०५ अक्षरं आहेत. कवितेत दुर्मिळ अक्षरांचा मोह फार होतो, आणि संगणकात न उमटणारं अक्षर बँकेत, तिकिटावर, परीक्षेच्या अर्जात जन्मभर छळतं. आईचं आडनाव लावायला कायद्याची आडकाठी नाही. नवं आडनाव मात्र बनवू नका. २००९मध्ये जिनान शहरातल्या एका जोडप्याने चार जुन्या कवितांमधून 'बेइयान युनयी' हे नाव जुळवलं, त्यात 'बेइयान' हे आडनाव त्यांनीच केलेलं. पोलिसांनी नोंद नाकारली आणि २०१५मध्ये न्यायालयानेही पोलिसांचीच बाजू उचलून धरली.

आणि घर अर्धं मराठी आहे, तेव्हा आपल्या कानांनाही विचारा. 'कविता' या अर्थाचं अक्षर मुलींच्या नावात खूप चालतं, उच्चार साधारण 'शी'. शिजिंगमधलं 'शि' ते हेच. नाव कितीही काव्यमय असलं तरी आपल्या घरात बाळाला 'शी' अशी हाक मारली की आजी आधी लंगोट बघायला धावेल.