सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्याला इंग्लंडची किनाऱ्याची पायवाट जड जाईल का?

प्रश्न असा आहे : "राजगड-तोरणा एका दिवसात केलाय. जूनमध्ये इंग्लंडला येतोय, दहा दिवस हाताशी आहेत. साऊथ वेस्ट कोस्ट पाथवर एकट्याने चालायचा विचार आहे. रोज ३०-३५ किलोमीटर धरले तर कुठून कुठवर जाता येईल? तंबू आणू का? उंची तर काहीच नाही, म्हणजे सोपंच असणार ना?"

"उंची तर काहीच नाही" हे वाक्य मीही म्हटलं होतं, आणि तेही मोठ्या तोऱ्यात. मी ब्रिस्टलला राहतो. गेली काही वर्षं सुट्टी मिळेल तशी ही वाट तुकड्या-तुकड्यांनी चालतोय, अजून पुरी झालेली नाही. तेव्हा माझं उत्तर अर्धवट चाललेल्या माणसाचं आहे हे आधीच सांगतो.

तुमचा हिशोब कुठे चुकतो ते बघा. ही वाट सॉमरसेटमधल्या माइनहेडपासून निघते, डेव्हन आणि कॉर्नवॉलला वळसा घालून डॉर्सेटमध्ये 'पूल' नावाच्या गावाच्या बंदराच्या तोंडाशी संपते. एकूण ६३० मैल, म्हणजे हजार किलोमीटरच्या थोडं वर. सगळ्यात उंच जागा ग्रेट हँगमन नावाची टेकडी, ३१८ मीटर. आपला तोरणा १४०३ मीटर. आकडे शेजारी ठेवले की हसू येतं. पण त्याच वाटेवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळे चढ मोजले तर बेरीज ३५,००० मीटरच्या घरात जाते, म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजलेले चार एव्हरेस्ट. सह्याद्रीत आपण एकदा घाम गाळून वर गेलो की कमावलेली उंची दिवसभर पुरवून वापरतो. इथे वीस मिनिटांत कमावलेलं पुढच्या दहा मिनिटांत समुद्राला परत करावं लागतं. मग पुन्हा कमवा.

याला कारण आहे. ही वाट चालणाऱ्यांच्या सोयीसाठी आखलेलीच नाही. एकोणिसाव्या शतकात इथल्या किनाऱ्यावर चोरटी दारू, तंबाखू, चहा उतरायचा. तो पकडायला तटरक्षक पायी गस्त घालायचे, आणि चोरटे नेमके खाचाखोचांत लपणार म्हणून गस्तवाल्याला प्रत्येक खाडीत, प्रत्येक घळीत डोकावून बघावं लागायचं. त्यामुळे वाट कड्याच्या कडेकडेने जाते, आडवा शॉर्टकट कधीच घेत नाही, आणि दिसेल त्या ओढ्यात उतरते. त्यांचीच पावलं पुढे जोडत जोडत १९७८ साली सलग वाट पुरी झाली.

मला ही अक्कल 'हार्टलँड की' नावाच्या जुन्या धक्क्यापासून ब्यूड गावापर्यंतच्या टप्प्यात आली. अंतर १५ मैलांच्या वर, साधारण २५ किलोमीटर. मधे दहा दऱ्या. प्रत्येक वेळी शंभर-सव्वाशे मीटर उतरायचं, तळाशी एक ओढा, त्यावर दोन माणसं जेमतेम मावतील एवढा लाकडी साकव, आणि समोर भिंतीसारखी चढण. चढणीवर लाकडी फळ्या आडव्या ठोकून मागे माती भरलेल्या पायऱ्या असतात. पावसाने माती निघून गेली की फळी उभी राहते आणि मागे खड्डा, त्यामुळे प्रत्येक पायरी दोनदा चढल्यासारखी वाटते. त्यांची उंची कुठल्या राक्षसाच्या मापाने ठरवली कोण जाणे! मी सकाळी आठला निघालो आणि संध्याकाळी सातला ब्यूडला पोचलो. शेवटच्या दरीत तर मी मोजणंच सोडून दिलं होतं.

याच टप्प्यात मार्सलँड माउथ नावाच्या दरीत डेव्हन संपतं आणि कॉर्नवॉल सुरू होतं. त्यापुढे मॉरवेनस्टो गाव. तिथे कड्याच्या पोटात, गवताखाली दडलेली एक झोपडी आहे. रॉबर्ट स्टीफन हॉकर नावाचे तिथले पाद्री बुडालेल्या जहाजांची लाकडं गोळा करायचे, त्यातून त्यांनी ही बांधली. कविता लिहायला ते इथे येऊन बसत. खडकावर आपटून बुडणाऱ्या खलाशांची प्रेतं कड्याखालून वर आणून त्यांना रीतसर मूठमाती देण्याचं कामही त्यांनी केलं. १८४२ साली बुडालेल्या कॅलिडोनिया जहाजाच्या नाळेवरचा पुतळा चर्चमध्ये आहे. आता ही झोपडी नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, त्यांच्या मालकीची सगळ्यात छोटी वास्तू. आत बसलात तर आजूबाजूच्या सगळ्या फळ्यांवर लोकांनी आपापली नावं कोरून ठेवलेली दिसतील. हे मात्र थेट आपल्या गडांसारखं, बदामासकट.

तर रोजचं अंतर. इथे नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा एक ठोकताळा अजून चालतो : पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. वीस किलोमीटर आणि हजार मीटर चढ धरला तर पावणेसहा तास झाले. त्यात बसणं, खाणं, फोटो, वाट चुकणं काहीच नाही. पाठीवर ओझं, समोरून वारा, आणि हेच उद्या परवा तेरवा. रविवारचा ट्रेक आणि सलग दहा दिवस यांत हाच फरक आहे : सोमवारी ऑफिसात खुर्चीवर बसून पाय बरे करता येत नाहीत. १८ ते २० किलोमीटर धरा आणि एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा. ३५ एखाद्या दिवशी होतील, दुसऱ्या दिवशी गुडघे व्याज लावतील.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची : पाणी. वाटेत नद्यांची मुखं आड येतात. बहुतेक ठिकाणी छोटी होडी मिळते, काही होड्या फक्त उन्हाळी मोसमात चालतात. पण डेव्हनच्या दक्षिण किनाऱ्यावर अर्म नदीला होडीच नाही. ओहोटीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास, एवढ्याच वेळात बूट गळ्यात अडकवून चालत पार व्हायचं. नाहीतर रस्त्याने कित्येक मैलांचा वळसा.

मी नॉस मेयो गावातून सकाळी नऊला निघून दुपारी एकला मदकमला, अर्मच्या काठावर पोचलो. ओहोटीचं कोष्टक बघितलं होतं, पण चुकून आदल्या आठवड्याचं पान. समोर काठोकाठ भरलेली नदी. पलीकडची वाळू दिसतेय, वाटेचा खांबसुद्धा दिसतोय, आणि मधे निळंहिरवं पाणी निवांत डुलतंय. करायला काहीच नाही म्हणून आईला फोन लावला. आई मूळची हर्णैची. तिने पहिला प्रश्न विचारला, "आज तिथी कोणती?" मग स्वतःच भिंतीवरचं कॅलेंडर बघून म्हणाली, "अष्टमी. अरे, मग दुपारी ओहोटी हवी. तुझ्याकडे पाणी कसं?"

आमच्याकडे हिशोब असा : तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीचा तास मिळतो. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास भरती, अष्टमीला सहाच्या. अर्मजवळच्या प्लिमथला नेमकं उलटं आहे. तिथे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती सकाळ-संध्याकाळ येते आणि दुपारी पाणी ओसरलेलं असतं. अष्टमीला दुपारी भरती. चंद्र तोच, पण भरतीची लाट समुद्राच्या कडेने फिरत फिरत प्रत्येक बंदराला आपापल्या वेळी पोचते, म्हणून घड्याळाचा तास बंदरागणिक वेगळा. तिथीवरून कळतो तो पाण्याचा जोर, आणि तो मात्र दोन्हीकडे सारखाच. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असेल तर पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, अष्टमीचं भांग असेल तर दोन्ही बेताचं. आई म्हणाली, "भांगाचं पाणी आहे, पुरतं उतरायचं नाही. घाई करू नको, चड्डी वर घे." पाच तास वाळूत बसलो. सहा वाजून गेल्यावर एक बाई कुत्र्याला घेऊन पलीकडून चालत आल्या, त्यांच्या पाण्यातल्या रेषेवरून मी उलटा गेलो. पाणी गुडघ्याच्या वर आलं आणि जूनमध्येसुद्धा पायाची बोटं बधिर झाली. बरं की जूनमध्ये इथे साडेनऊपर्यंत उजेड असतो, मुक्कामाला पोचेपर्यंत पुरला.

तंबू आणा, पण वाट्टेल तिथे ठोकता येईल असं समजू नका. गडावरच्या देवळात पथारी पसरायची आपली सवय इथे चालत नाही. इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय उघड्यावर तंबू लावायचा हक्क नाही. डेव्हनमधल्या डार्टमूर या माळरानावर आहे, तो २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केला, पण ही वाट तिथून जात नाही. कॅम्पसाइट, हॉस्टेल किंवा बी-अँड-बी (घरगुती खोली आणि सकाळचा नाश्ता) आधी ठरवा. आणि खोलीत राहणार असाल तर तंबू घरीच ठेवा, पाठीवरचं ओझं निम्मं होईल. सामान एका मुक्कामावरून दुसऱ्यावर गाडीने पोचवणारे लोकही आहेत. पहिल्यांदा मला ती फसवणूक वाटली होती, तिसऱ्या दिवशी मीच नंबर शोधत होतो.

चालायचा हक्क मात्र पक्का आहे, आणि आपल्याला त्याचंच नवल वाटतं. वाट सरळ कुणाच्या तरी शेतातून, गाईंच्या कळपातून, कधीकधी घराच्या परसातून जाते आणि कुणी हटकत नाही. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट, निळा म्हणजे घोडा आणि सायकलही. या लांब पल्ल्याच्या राष्ट्रीय वाटांवर ओकच्या फळाचं चिन्ह असतं, ते दिसत राहिलं की बरोबर चाललाय. फाटक उघडं होतं तर उघडं ठेवा, बंद होतं तर बंद. गाईंबरोबर वासरं असतील तर मधून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. इथल्या गाई आपल्या गावातल्या गाईंसारख्या माणसाळलेल्या असतीलच असं नाही. कड्याच्या टोकावर फोटोला उभं राहू नका, खालची माती कधी पोकळ असते ते वरून कळत नाही. नेच्यांतून गेलात तर रात्री पाय तपासा, गोचीड असतात.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. शाकाहारी असाल तर चीज-कांद्याची पेस्टी (भाजलेली मोठी करंजीच) मिळते, गरम असताना उत्तम. तिसऱ्या दिवशी मात्र तिखट आठवतं, म्हणून पिशवीत भडंग किंवा लसणाची चटणी असू द्या.

दहा दिवसांसाठी माझ्या मते सेंट आयव्हज ते लिझर्ड. साधारण ७० मैल, ११० किलोमीटर, म्हणजे चालायचे सहाएक दिवस, बाकीचे विश्रांतीला आणि येण्याजाण्याला. सेंट आयव्हजपर्यंत रेल्वे जाते, लिझर्डहून बस मिळते. पहिलाच दिवस, सेंट आयव्हज ते पेंडीन, सगळ्यात खडकाळ आहे. हातांनी धरून चढण्यासारखे दगड येतील आणि तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल. पुढे बोटॅलॅकला कड्यावर, अगदी लाटांच्या डोक्यावर, कथील-तांब्याच्या खाणींची इंजिनघरं उभी आहेत. त्यांचे बोगदे समुद्राच्या तळाखाली गेले होते. मग लँड्स एंड, तिथे गर्दी आणि दुकानं, भराभर पुढे व्हा. त्यानंतर पोर्थकर्नो लागेल, तिथे थांबा. १८७० साली समुद्राखालून तारेची केबल याच छोट्याशा पुळणीवर वर आली आणि जिब्राल्टर, माल्टा, एडन करत लंडन थेट मुंबईशी जोडलं गेलं. आता तिथे संग्रहालय आहे. त्या वाळूत बसून मी व्हॉट्सअ‍ॅपवर घरी फोटो पाठवायला गेलो, रेंज नव्हती.

या टप्प्यात एकही नदी चालत ओलांडायची नाही, त्यामुळे कोष्टकाची धास्ती नको. एकच अपवाद, तोही हौसेचा. पेन्झन्सच्या पुढे मॅराझिऑनला समोर समुद्रात सेंट मायकल्स माउंट दिसेल, बेटावर किल्ला. तिथे जायची दगडी वाट हाजी अलीसारखी भरतीला पाण्याखाली जाते. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास पोचलात तर दुपारी ती उघडी सापडेल. तुमच्या तारखा ठरल्या की इथेच लिहा, तिथी मी आईला विचारून सांगतो.