ऑटिझम असलेल्या मुलाला थीम पार्कमध्ये रांगेची सवलत कशी मागावी?

चिपळूणहून मुलाला घेऊन खोपोलीला इमॅजिकाला जायचंय, वय अकरा, ऑटिझम आहे, रांगेत पाच मिनिटांच्या वर थांबत नाही, तर यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) दाखवून पुढे सोडतील का, असं तुम्ही विचारलंय. आम्ही रत्नागिरीचे. माझा मुलगा तुमच्या मुलापेक्षा मोठा आहे, हे सगळं करून झालंय, म्हणून लिहितो.

कार्ड जवळ हवंच, पण नुसत्या कार्डाच्या भरवशावर जाऊ नका. मागायचं काय, ते आधी घरी ठरवा. "आम्हाला पुढे सोडा" म्हटलं की राइडच्या तोंडाशी उभा असलेला विशीतला पोरगा गोंधळतो, कारण ते त्याच्या हातात नसतं. आणि मागून "ओ काका, लाइन इकडून आहे" सुरू होतं. त्यापेक्षा असं म्हणा: "रांग जेवढ्या वेळाची आहे तेवढा वेळ आम्हीही थांबतो, फक्त बाहेर सावलीत. आमची वेळ सांगा, तेव्हा येतो." एका पार्कात (नाव नको) राइडवर चक्क नाही म्हणाले होते. सुपरवायझरला बोलावून हेच वाक्य ऐकवलं, तर त्याने लगेच कागदावर वेळ लिहून दिली. फुकट काही मागत नाही, हे दिसलं की माणसं नरमतात.

अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांमध्ये 2013 पासून डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस आहे, ती याच तत्त्वावर चालते: परत यायची वेळ मिळते, तोवर रांगेबाहेर कुठेही बसा. तिथे सवलत देण्याआधी व्हिडिओ कॉलवर बोलतात आणि साध्या रांगेत नेमकी काय अडचण येते ते विचारतात. 2024 मध्ये नियम कडक करून ती मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अपंगत्वापुरती ठेवली.

तुम्हीही पार्कला आठवडाभर आधी ईमेल करा, आणि त्यात रोगनिदानाचं पुराण नको. "गर्दीत, आवाजात, दोन्ही बाजूंना रेलिंग असलेल्या रांगेत तो कान दाबून खाली बसतो, मग पळतो. सोबत दोघं मोठी माणसं असतील." एवढं पुरे. उत्तर आलं की प्रिंट काढा. गेटवरच्या माणसाला मोबाइलपेक्षा कागद पटतो, का ते विचारू नका.

कार्ड अजून नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सिव्हिलची तारीख घ्या. तिथे ऑटिझमसाठी 'इसा' ही चाळीस मुद्द्यांची तपासणी होते, त्यामुळे मुलाला भरपूर खायला घालून न्या.

कायद्याचं म्हणाल, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, आणि सुगम्यतेचं बंधन खासगी सेवा देणाऱ्यांनाही आहे. पण 'राइडची रांग' असं त्यात कुठे लिहिलेलं नाही, त्यामुळे गेटवर कलमं म्हणून दाखवू नका. अगदीच अन्याय झाला तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते, घरी येऊन शांतपणे.

रांगेची सवलत वेगळी आणि राइडची सुरक्षितता वेगळी. उंची, खांद्यावरून येणारा हार्नेस, मान सरळ धरता येणं, यावर वाद घालू नका, तिथे नाही म्हणजे नाही. मुलाला डाउन सिंड्रोमही असेल, तर मानेच्या वरच्या मणक्यांचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय झटके देणाऱ्या राइडवर बसवू नका. पैसे भरून छोटी रांग देणारं एक्स्प्रेस तिकीट मिळतं. ईमेलला नकार आला आणि ऐपत असेल तर सरळ तेच घ्या.

आता प्रवास. चिपळूणहून पहाटे निघून त्याच दिवशी पार्क, असं करू नका. माणगावच्या ट्रॅफिकमध्येच पोराची सहनशक्ती संपते, रांगेपर्यंत काही उरतच नाही. आदल्या दिवशी वाकण फाट्यावरून पालीला जा, बल्लाळेश्वराच्या भक्तनिवासात किंवा एखाद्या लॉजवर मुक्काम करा. पार्क त्याच पाली-खोपोली रस्त्यावर आहे, उघडायच्या वेळेला पोचता येतं, आणि पहिल्या तासात निम्म्या राइडना रांगच नसते. शनिवार-रविवार, मे महिना, दिवाळीची सुट्टी टाळा. डिसेंबर-जानेवारीत मधल्या वारीसुद्धा शाळांच्या सहली असतात. आम्हाला जूनमध्ये शाळा सुरू झाल्यानंतरचा मंगळवार बरा पडला, मात्र विजा चमकल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.