राखलेल्या संकरित बियाण्याला वेगळी झाडे का येतात?

प्रश्न : मागील वर्षी मी संकरित मिरचीची लागवड केली होती. सगळी झाडे एकसारखी होती आणि मिरच्या खाली लोंबत होत्या. त्यांतील निवडक झाडांचे बी राखून यंदा रोपे केली, तर दर चार-पाच झाडांमागे एकाला मिरच्या आभाळाकडे तोंड करून लागल्या आहेत. मला भेसळीचे बियाणे मिळाले होते काय?
– एक शेतकरी वाचक, ता. भोकरदन, जि. जालना

उत्तर : आपल्या वर्णनावरून तसे दिसत नाही. उभ्या मिरचीचे बी पुड्यात मिसळलेले असते, तर ती झाडे पहिल्याच वर्षी दिसली असती. यंदा जे घडले, ते ग्रेगोर मेंडेल यांनी १८६६ साली वाटाण्यावरील प्रयोगांतून मांडलेल्या नियमाप्रमाणेच घडले आहे.

संकरित बियाणे दोन शुद्ध वाणांपासून तयार होते. आपल्या भागातील सीड प्लॉटमध्ये मादी वाणाच्या न उमललेल्या कळीतील पुंकेसर चिमट्याने काढतात आणि नर वाणाचे पराग तिच्या कुक्षीवर लावतात, हे आपण पाहिले असेल. प्रत्येक झाडात एका गुणाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, परंतु परागातून किंवा बीजांडातून त्यांतील एकच पुढे जाते. मिरचीत फळाचे लोंबणे हा गुण प्रभावी आणि उभे राहणे हा अप्रभावी आहे. आपल्या संकराचा एक जनक उभ्या मिरचीचा असावा. त्यामुळे मागील वर्षीच्या प्रत्येक झाडात एक प्रत लोंबत्या मिरचीची आणि एक उभ्या मिरचीची होती; दिसला मात्र प्रभावी गुण. त्या झाडांचे स्वपरागीभवन (स्वतःच्याच परागाने फलन) झाल्यावर प्रती पुन्हा सुट्या झाल्या, आणि सुमारे चौथा हिस्सा रोपांमध्ये उभ्या मिरचीच्या दोन प्रती एकत्र आल्या. मधमाश्या शेजारच्या शेतातील परागही आणतात, म्हणून शेतात हे प्रमाण थोडे ढळते.

आता बी राखायचेच असेल, तर उभ्या मिरचीच्या झाडांचा प्रश्न सोपा आहे : कळ्यांवर पिशवी बांधून स्वपरागीभवन करून घेतले, तर तो एक गुण लगेच स्थिर मिळतो. लोंबत्या मिरचीची झाडे खरी अडचणीची, कारण त्यांच्यातील साधारण तीनपैकी दोन झाडांत उभेपणा दडलेला असतो आणि नुसत्या निरीक्षणाने तो कितीही अनुभवी शेतकऱ्याला ओळखता येत नाही. अशा झाडाच्या स्वपरागित बियांपासून दहाच रोपे वाढवली, तर दडलेला गुण एकाही रोपात न दिसण्याची शक्यता सुमारे १८ मध्ये १ एवढी उरते. त्याऐवजी उभ्या मिरचीच्या झाडाशी त्याचा संकर केला, ज्याला परीक्षण संकर म्हणतात, तर निम्मी रोपे उभ्या मिरचीची यायला हवीत, आणि दहा रोपांतही फसगत होण्याची शक्यता १,०२४ मध्ये १ एवढीच राहते. पुंकेसर काढण्याचे कष्ट पडतात, पण माझ्या मते हीच परीक्षा करावी.

मात्र हे एका गुणापुरते झाले. उत्पादन अनेक जनुकांवर अवलंबून असते, आणि स्वपरागीभवनाच्या प्रत्येक पिढीत मिश्र जोड्या (दोन वेगळ्या प्रतींच्या) सरासरीने निम्म्या होत जातात, त्यामुळे संकराचा जोमही ओसरतो. ‘परभणी क्रांती’ ही भेंडी पुसा सावनी हा भेंडीचा वाण आणि भेंडीच्या जवळची एक वेगळी प्रजाती यांच्या संकरातून आली, पण वाण म्हणून स्थिर होण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी लागली. सोयाबीनच्या एमएयूएस-७१ सारख्या वाणाचे बी घरी राखता येते, कारण तो वाण शुद्ध आहे आणि सोयाबीनचे फूल बहुधा उमलण्याआधीच स्वपरागित होते. मिरचीच्या भरवशाच्या उत्पन्नासाठी संकरित बियाणे दरवर्षी नवे घेणे हेच मी सुचवीन. त्याचे बिल आणि पुड्यावरील टॅग जपून ठेवावेत. पहिल्याच वर्षी वेगळी झाडे आली, तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांमार्फत तालुका स्तरीय तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार करावी.

प्रश्न : मेंडेल यांच्या वाटाण्यातील गोल आणि सुरकुतलेल्या बियांच्या ३:१ या गुणोत्तराचा अर्थ चार बियांपैकी नेमक्या तीन गोल निघायलाच हव्यात, असा होतो का?
– बारावीची विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : नाही. प्रत्येक बी स्वतंत्रपणे ठरते. पहिल्या तीन गोल निघाल्या म्हणून चौथी सुरकुतलेली निघेल, असे बंधन नाही. चार बियांत नेमक्या तीन गोल येण्याची शक्यता ६४ मध्ये २७, म्हणजे निम्म्याहूनही कमी असते. मेंडेल यांना ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या बिया मिळाल्या, म्हणजे २.९६:१, उंच आणि बुटक्या झाडांत मात्र ७८७ आणि २७७, म्हणजे २.८४:१. दुसऱ्या प्रयोगात नमुना लहान होता. परीक्षेत जनकांच्या प्रतींच्या जोड्या दाखवणारा चौकोनी तक्ता मांडताना त्यातील चार घरे म्हणजे चार बिया नव्हेत, तर प्रत्येक बीच्या चार समान शक्यता आहेत, हे लक्षात ठेवावे.