खचलेले ब्लॉक, चार नगरसेवक आणि वर्गीकरण

प्रश्न : आमच्या गल्लीत फेब्रुवारीत पेव्हिंग ब्लॉक बसवले. पावसाळ्यात ते जागोजागी खचले. प्रभागात चार नगरसेवक आहेत. फोन केला की प्रत्येक जण म्हणतो, ‘तो भाग माझ्याकडे नाही.’ धरायचं कोणाला?

उत्तर : चौघांनाही. मुंबई सोडली तर राज्यातल्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. पुण्यात २०२६ च्या निवडणुकीत ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडून आले. अ, ब, क, ड ही फक्त जागांची नावं. आरक्षण आणि मतदान त्यानुसार होतं, गल्ल्यांची वाटणी नाही. नगरसेवक ती आपसात करून घेतात, पण तिला कायद्याचा आधार नाही. एकच अर्ज चौघांच्या नावे लिहा आणि प्रत्येकाकडून पोच घ्या.

दुरुस्ती मात्र करायची असते ठेकेदाराने, तीही स्वतःच्या खर्चाने, दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामात दोष निघाल्यास ठेकेदार जबाबदार असण्याची मुदत, संपायच्या आत. हा कालावधी निविदेत लिहिलेला असतो आणि तो संपला की ठेकेदाराची अनामत परत जाते. म्हणून तोंडी तक्रारीत दिवस घालवू नका. क्षेत्रीय कार्यालयात सहायक आयुक्तांच्या नावे लेखी तक्रार द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांत. मागा एवढंच : कार्यारंभ आदेश, एस्टिमेट, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या वहीची) संबंधित पानं, अंतिम बिल, दोष दायित्व कालावधीची शेवटची तारीख. ‘काम निकृष्ट का झालं?’ असं विचारू नका. त्या प्रश्नाला कागद नसतो, आणि माहिती नाकारायला निमित्त मिळतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही याच कायद्यात आहे. लोक तो फार कमी वापरतात.

कागद हाती आले की गल्लीत टेप घेऊन जा. गाड्या जाणाऱ्या ठिकाणी सहसा ८० मिमी जाडीचा ब्लॉक धरतात, नुसत्या पायवाटेला ६० मिमी. एस्टिमेटमध्ये ८० आणि कडेच्या उघड्या ब्लॉकवर ६० भरले, तर फोटो काढा. पुढे फार बोलावं लागत नाही. खचण्याची तऱ्हाही बघा. सरळ पट्ट्यात खचलं असेल तर खाली ड्रेनेजची चारी थर न देता, ठोकून घट्ट न करता बुजवलेली असते. सगळीकडे लाटा असतील तर बहुतेक वेळा पातळी जुळवायला वाळूच जाड टाकलेली असते. ती २० ते ४० मिमी हवी. ब्लॉक बाजूला सरकून फटी पडल्या असतील तर कडेचा कर्ब, म्हणजे ब्लॉक धरून ठेवणारा काठ, कच्चा आहे.

प्रश्न : फलकावर ‘यांच्या निधीतून’ लिहितात. हा निधी त्यांना मिळतो का?

उत्तर : नाही. नगरसेवकाच्या हाती पैसा येत नाही. अंदाजपत्रकात तरतूद असते, तो काम सुचवतो. पुण्यात याला ‘स’ यादी म्हणतात. पैसा तुमच्या कराचा. खरं लक्ष ठेवायचं ते वर्गीकरणावर, म्हणजे एका कामाची तरतूद दुसऱ्याकडे वळवण्यावर. वर्ष संपत आलं की असे प्रस्ताव स्थायी समिती आणि मुख्य सभेपुढे ढिगाने येतात आणि जलवाहिनीचा पैसा बाकडी, कमानी, ब्लॉक यांत जातो. विषयपत्रिका वाचा, आणि आपल्या प्रभागाचं काम त्यात कापलं जात असेल तर सभेआधी लेखी हरकत द्या.

प्रश्न : पुढच्या वर्षी आमचं काम यादीत यावं म्हणून काय करावं?

उत्तर : मार्चमध्ये धावपळ करून उपयोग नाही, दिवाळीआधी मागणी द्या. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवतात. एका कामाला ५ लाखांची मर्यादा असते. ‘रस्ता नीट करा’ असं मोघम लिहू नका. कुठून कुठपर्यंत, लांबी, रुंदी, सोबत फोटो, एवढं हवंच. आणि आधी जागा कोणाची ते तपासा. सोसायटीच्या खासगी रस्त्यावरचं काम तिथेच बाद होतं.