पाच फॉर्म, पण जहाज एकच

(इंदूरहून एका वडिलांचं पत्र आहे. सियागंजात घाऊक किराण्याचं दुकान. मुलाला बारावी सायन्सला ७८ टक्के, पण त्याला अर्थशास्त्र घ्यायचंय. वडिलांनी ठरवलंय : वर्षभर ड्रॉप, कोट्याला क्लास, इंजिनिअरिंगच्या पाच प्रवेश परीक्षा. त्यासाठी दुकान गहाण ठेवून कर्ज मंजूर. “मी रिस्क घेणारा माणूस नाही,” असंही लिहिलंय.)

नमस्कार.

टक्क्यांचं सोडा. “कर्जाचं त्याला रोज ऐकवतो, म्हणजे सिरियस राहील,” या तुमच्या ओळीवर मी अडलो. रोज? जेवताना? पोळीबरोबर हप्ताही वाढताय तुम्ही त्याच्या ताटात. उद्या पेपरात एक गणित अडलं, की त्याला प्रश्न दिसणार नाही, दुकानाचं शटर दिसेल.

पाच फॉर्म भरले म्हणजे धोका वाटला गेला, असं तुम्ही धरून चालला आहात. डॅनिएल बर्नुली या गणितज्ञानं १७३८ साली एका व्यापाऱ्याचं उदाहरण दिलं होतं. परदेशात ८००० डुकाटांचा (तेव्हाची सोन्याची नाणी) माल आणि दहातलं एक जहाज बुडणारं. माल दोन जहाजांत निम्मा-निम्मा घातला तर बरं, असं त्याचं गणित. पण जहाजं वेगळी हवीत ना! तुमच्या पाचही परीक्षांना तेच फिजिक्स, तेच गणित, तोच धास्तावलेला मुलगा. ही एकाच जहाजावरची पाच खोकी झाली, आणि त्यातच तुम्ही दुकानही चढवलंत. एकहाउट आणि श्लेसिंजर या अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये हे साध्या नाणेफेकीवर मांडलं. एक सौदा असा : छापा आला तर ठरलेला तोटा, काटा आला तर नफा किंवा तोटा काहीही, सरासरी शून्य. दुसरा सौदा : छाप्यावर ही दोन्ही लचांडं, काट्यावर काहीच नाही. सरासरी दोन्हींची सारखीच. सावध माणूस पहिला सौदा घेतो, दोन संकटं एकत्र येऊ देत नाही. तुम्ही दुसरा घेतलात आणि वर स्वतःला सावध म्हणवता.

तुमच्या मुलाला जे अर्थशास्त्र शिकायचंय, ते हेच. यात गणित भरपूर लागतं, तेव्हा सायन्स फुकट गेलं म्हणू नका. देवी अहिल्या विद्यापीठाची अर्थशास्त्र अध्ययनशाला गावातच आहे. एमए झाल्यावर भारतीय आर्थिक सेवेची परीक्षाही देता येते.

कर्ज उचललं नसेल तर उचलू नका. ड्रॉप त्यालाच हवा असेल, तर आपल्या इंदूरातच, भंवरकुआँला, काय क्लास कमी आहेत?

तुमच्या तीन पानांत त्याचं म्हणणं एका ओळीत आटपलंय. पुढचं पत्र त्याला लिहू द्या. आणि पाठवण्याआधी ते वाचू नका.